अ‍ॅनाची बोळवण

'फ्रोझन २' या चित्रपटावर टीका केली की एक ठरलेलं उत्तर येतं. बहिणींनी जन्मभर एकमेकींच्या गळ्यात गळा घालून राहावं असा काही दंडक आहे का? मोठं व्हायचं तर वेगळं व्हावं लागतं, आपापली वाट धरावी लागते. डिस्नेनं हे लहान मुलांना सांगायचं धाडस केलं, म्हणून हा भाग पहिल्यापेक्षा प्रगल्भ आहे. ज्यांना हे रुचत नाही ते पहिल्या भागाच्या गोडव्यात अडकून पडले आहेत. हे उत्तर मी चाहत्यांकडून ऐकलं, जाणकारांकडून ऐकलं, मुलांना चित्रपट दाखवून आलेल्या आयांकडूनही ऐकलं. ते मला मुळीच मान्य नाही. बहिणी वेगळ्या राहू लागल्या याबद्दल माझी तक्रारच नाही. धाकटीला ज्या रीतीनं बाजूला केलं, आणि बाजूला केल्यावर 'तुला कुणी बाजूला केलंच नव्हतं' असं जे तिला भासवलं, त्याबद्दल माझी तक्रार आहे. लहान मुलांच्या चित्रपटात ही गोष्ट मला गंभीर वाटते.

२०१३ साली आलेला पहिला 'फ्रोझन' हान्स ख्रिस्तियन अँडरसनच्या १८४४ मधल्या हिमराणीच्या कथेवरून सुचला असं श्रेयनामावलीत म्हटलेलं असलं, तरी त्या कथेतलं फारच थोडं त्यात उरलं आहे. अँडरसनकडे गेर्डा आणि काई ही शेजारपाजारची मुलं आहेत. चित्रपटात दोन सख्ख्या बहिणी आल्या. थोरल्या एल्साच्या हातात बर्फाची जादू असते. खेळता खेळता तिच्या हातून धाकट्या अ‍ॅनाला इजा होते. अ‍ॅनाला बरं करताना तिच्या मनातली जादूची आठवणच काढून टाकली जाते आणि एल्साला खोलीत कोंडलं जातं. पुढची सुमारे १३ वर्षं अ‍ॅना त्या बंद दारावर टकटक करत राहते. दार का बंद झालं, हे तिला कुणी सांगत नाही. आई सांगत नाही, वडील सांगत नाहीत, बहीण तर नाहीच. गोष्ट संपेपर्यंत पडद्यावर एकदाही कुणी तिला बसवून सांगत नाही की बाई, तू पाच वर्षांची असताना असं असं घडलं होतं. तिच्या स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना सगळ्यांना ठाऊक, आणि तिला मात्र नाही.

वगळलं जाणं म्हणजे काय, हे याहून नेमकं दाखवणारं दुसरं चित्र मला मुलांच्या सिनेमात आठवत नाही. घरात काहीतरी चाललंय, मोठी माणसं हळू आवाजात बोलतायत, आपण गेलो की गप्प होतायत, हे लहान मुलाला फार लवकर समजतं. कारण कळत नाही तेव्हा ते मूल दोष स्वतःवर घेतं. अ‍ॅनाचा पुढचा सगळा उतावळेपणा, एका दिवसात राजपुत्र हान्सशी लग्न ठरवण्यापर्यंतचा, त्या दारापाशी जन्मलेला आहे. पहिल्या भागाचं श्रेय हे की त्यानं दार बंद करणं चुकीचं ठरवलं. एल्सा बहिणीच्या भल्यासाठी म्हणून तिला दूर लोटते, पुढे बर्फाच्या राक्षसाकरवी महालातून हाकलून देते, आणि दरवेळी त्यातून नुकसानच होतं. शेवटी अ‍ॅना हान्सच्या तलवारीपुढे उभी राहते, गोठते, आणि तेव्हा कुठे एल्साला कळतं की भीतीनं नाही, मायेनं बर्फ वितळतं. राजपुत्राच्या चुंबनाऐवजी बहिणीचं प्रेम हा उतारा ठरला. जगभरच्या मुलींना ते आवडलं यात नवल नाही.

आता २०१९ चा दुसरा भाग. दिग्दर्शक तेच, ख्रिस बक आणि जेनिफर ली. गाणी त्याच क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडीची. एल्साला एक आवाज साद घालू लागतो. फक्त एल्साला. आवाजाच्या मागे जायचं ठरतं तेव्हा अ‍ॅना एकच अट घालते: जे करायचं ते दोघींनी मिळून. एल्सा कबूल करते. हा शब्द चित्रपट आपल्याला वारंवार ऐकवतो, आपण तो विसरू नये याची काळजी घेतो. म्हणूनच पुढे तो मोडला जातो तेव्हा त्याचा हिशेब द्यायची जबाबदारीही चित्रपटाचीच आहे.

तो मोडण्याचा प्रसंग नीट आठवून पाहा. बहिणी आपल्या आईवडिलांच्या बुडालेल्या जहाजापाशी पोचतात. एल्साच्या जादूचं मूळ शोधायला ते निघाले होते, असं त्यांना तिथे समजतं. एल्सा स्वतःला दोष देते, अ‍ॅना तिला सावरते. मग एल्सा म्हणते, काळा समुद्र ओलांडून आहतोहालन या आठवणींच्या हिमनदीकडे मी एकटीच जाणार. अ‍ॅना हट्ट करत नाही, रडारड करत नाही, तुझी जादू मला दे म्हणत नाही. आईच्या अंगाईत फार खोल गेलीस तर बुडशील असा इशारा होता, त्याची ती आठवण करून देते आणि विचारते, तू मर्यादा ओलांडलीस तर तुला थांबवायला कोण असेल? तुला जे व्हायचंय ते तू हो, मी आड येणार नाही. फक्त सगळ्यांसाठी सगळं करता करता जीव गमावू नकोस. एल्सा तिला मिठी मारते. त्या मिठीतच ती अ‍ॅना आणि आपल्या जादूनं जिवंत झालेला बर्फाचा बाहुला ओलाफ यांच्या पायाखाली बर्फाची होडी तयार करते, उतारावर बर्फाची घसरण घालते आणि त्यांना ढकलून देते. अ‍ॅना मागे वळून ओरडत राहते, होडी खाली खाली जात राहते.

मिठीचा असा उपयोग मला दोन्ही भागांतली सगळ्यात दुखरी गोष्ट वाटते. पहिल्या भागात निदान दार होतं. दाराला मिठी मारता येत नाही, त्यामुळे फसवणूकही होत नाही. इथे जवळ घेऊन लांब केलं. होडीत बसल्यावर अ‍ॅना रागावते, आणि चित्रपट एवढा एक क्षण प्रामाणिकपणे दाखवतो. ती ओलाफला सांगते की तिनं मला वचन दिलं होतं. ओलाफच्याही लक्षात येतं की आपल्यालाही निरोप न घेता ढकललं. मग अ‍ॅना त्याला म्हणते की तुला रागावायचा पूर्ण हक्क आहे. मला त्या वेळी वाटलं, आता हा चित्रपट खऱ्या विषयाला हात घालणार. वगळलं गेलेल्या मुलाला राग येतो, तो राग रास्त असतो, आणि त्या रागाचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवत नाही. पण त्यानंतर त्या रागाचा उल्लेख चित्रपट संपेपर्यंत पुन्हा येत नाही.

आणि पुढे काय घडतं? एल्सा आहतोहालनमध्ये खोल खोल जाते, मर्यादा ओलांडते, गोठून जाते. म्हणजे अ‍ॅनाची भीती अक्षरशः खरी ठरते. तिला थांबवायला कुणी नव्हतं, आणि जे होऊ नये तेच झालं. पटकथेनं अ‍ॅनाला शंभर टक्के बरोबर ठरवलं आहे. एल्साची जादू ओसरते तसा ओलाफ अ‍ॅनाच्या मांडीवर विरून जातो. अंधाऱ्या गुहेत अ‍ॅना एकटी उरते. बहीण गेली, सवंगडी गेला, आता उठायचं कशासाठी हेही तिला ठाऊक नाही. तिथे 'द नेक्स्ट राइट थिंग' हे गाणं येतं. अ‍ॅना झालेल्या क्रिस्टन बेलचा आवाज त्यात चिरकतो, श्वास तुटतो. अ‍ॅना दगडाला धरून उभी राहते, एक पाऊल टाकते, घसरते, पुन्हा टाकते. नाच नाही, झगमगाट नाही, बर्फाचे महाल नाहीत. शोकात बुडालेल्या माणसाला उद्याचा विचार झेपत नाही, पुढचं पाऊल तेवढं टाकता येतं, हे मुलांच्या चित्रपटात इतक्या खरेपणानं मी क्वचित पाहिलं आहे. या गाण्यासाठी मी या चित्रपटाचा मान ठेवतो. पण ज्यांना हे लिहिता आलं, त्यांना त्या होडीचा अर्थ कळत नव्हता असं मी कसं मानू?

गुहेतून बाहेर येऊन अ‍ॅना पृथ्वीच्या महाकाय राक्षसांना चेतवते आणि त्यांना धरणावर आणते. आजोबा रुनार्ड यांनी कपटानं बांधलेलं ते धरण फुटतं, जंगलावरचा धुक्याचा शाप सुटतो, एल्सा पुन्हा जिवंत होते. काठावर बहिणींची भेट होते. आता तरी थोरली म्हणेल, तू बरोबर होतीस. म्हणेल, तुला तसं ढकलायला नको होतं. ती तसं काहीच म्हणत नाही. अ‍ॅनानं आपल्याला पुन्हा एकदा वाचवलं याबद्दल ती कृतज्ञ आहे, कौतुकही करते. पण होडीबद्दल चकार शब्द नाही. उलट ती म्हणते की पुलाला दोन बाजू असतात, आईला दोन मुली होत्या, आणि आपण हे मिळून केलं. अ‍ॅना आनंदानं मान डोलावते.

मिळून केलं? एकीनं दुसरीला उतारावरून लोटलं, दुसरी गुहेत बहिणीच्या मरणाचा शोक करत बसली, आणि त्या दोघींच्या मध्ये अख्खा समुद्र होता. याला मिळून करणं म्हणत नाहीत. दोघींनी आपापल्या जागी, एकमेकींवाचून, जमेल ते केलं. हे खरं वाक्य असतं, आणि त्याच्या पुढे माफी आली असती तर ते सुंदरही झालं असतं. चित्रपटानं त्याऐवजी जुनंच वचन उचललं आणि ते पाळलं गेलं असं जाहीर केलं. लहान मुलाला याहून मोठा गोंधळ कुठला? तुला बाहेर ठेवलं होतं, तुला लागलं होतं, आणि आता सगळे सांगतायत की आपण तर एकत्रच होतो. असं ऐकलेलं मूल पुढच्या वेळी आपल्या मनाला काय वाटतं यावर विश्वास ठेवायचं सोडून देतं.

इथे चाहते दुसरा मुद्दा काढतात: एल्सानं तिला वाचवण्यासाठीच पाठवलं. समुद्र जीवघेणा होता, अ‍ॅनाकडे जादू नव्हती, सोबत नेली असती तर ती मेली असती. हे खरं आहे, पण तो समुद्र पटकथाकारांनीच लिहिला आहे. ज्या वाटेवर फक्त जादूवाल्या माणसाचा निभाव लागेल अशीच वाट आखायची आणि मग धाकटीला तिथे जागा नव्हती असं म्हणायचं, ही पळवाट झाली. शिवाय पहिल्या भागातही एल्साचा हेतू अ‍ॅनाला वाचवण्याचाच होता. तेव्हा चित्रपटानं स्पष्ट सांगितलं होतं की तुझ्या भल्यासाठी म्हणून तुला अंधारात ठेवणं हा अन्याय आहे. सहा वर्षांनी तोच हेतू पुरेसा ठरतो. थोरलीला जे शिकायला एक अख्खा चित्रपट लागला, ते ती विसरली. आणि विसरल्याबद्दल तिला निसर्गाच्या चार शक्ती आणि माणसं यांना जोडणाऱ्या पाचव्या शक्तीचं पद मिळालं.

आईच्या बाबतीत तर मला जास्तच वाईट वाटतं. आहतोहालनमध्ये एल्साला कळतं की साद घालणारा आवाज आईचा, इदुनाचा होता. 'शो युअरसेल्फ' गाण्यात आईची प्रतिमा आणि लेक समोरासमोर येतात. दृश्य देखणं आहे, कुणाचेही डोळे भरून येतील. पण त्या वेळी दुसरी लेक नदीच्या पात्रात होडीत बसून निजलेल्या राक्षसांना चुकवते आहे. तिलाही आई गमावून तेवढीच वर्षं झाली आहेत. तिला आवाज ऐकू आला नाही, आई दिसली नाही, आणि नंतर एल्सा तिला बसवून ते सगळं सांगते आहे असा प्रसंगही आपल्याला दिसत नाही. 'आईला दोन मुली होत्या' हे वाक्य म्हणूनच मला झोंबतं. आईनं हाक एकीलाच मारली. पहिल्या भागात बापानं आणि आईनं मिळून दुसरीला अंधारात ठेवलं होतं. दुसऱ्या भागात आईची आठवणसुद्धा तेच करते.

या चित्रपटाच्या निर्मितीवर डिस्नेनंच २०२० मध्ये सहा भागांची माहितीपट-मालिका काढली. ती मी आवडीनं पाहिली, आणि तिच्यात कलावंतांची मेहनत पाहून माझा आदर वाढला. पण तिच्यात एक गोष्ट उघड दिसते: प्रदर्शनाला वर्षही उरलं नव्हतं तेव्हा तो आवाज कुणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. खोलीत बसून माणसं त्यावर डोकं फोडत होती, 'शो युअरसेल्फ' गाणं राहतं की जातं अशी वेळ आली होती. म्हणजे सगळी ऊर्जा एल्साच्या कोड्यात गेली: ती कोण, जादू कुठून आली, आवाज कुणाचा. अ‍ॅनाचा प्रश्न कोडं नव्हताच. तो साधा होता, पहिल्या भागापासून पडून होता, आणि त्याला दोन वाक्यं पुरली असती.

दोन वाक्यं पुरतात, हे याच कंपनीनं दाखवलेलं आहे. २००२ चा 'लिलो अँड स्टिच' आठवा. ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस यांच्या त्या चित्रपटात हवाई बेटावरच्या दोन पोरक्या बहिणी आहेत. थोरली नानी स्वतः जेमतेम १९ वर्षांची, नोकरी टिकत नाही, सरकारी माणूस धाकटीला घेऊन जाईल अशी टांगती तलवार. धाकटी लिलो विचित्र, हट्टी. नृत्याच्या वर्गातल्या मुली तिला जवळ करत नाहीत. सरकारी माणूस येऊन गेल्यावर बहिणींचं कडाक्याचं भांडण होतं. दारं आपटतात, दोघी आपापल्या खोलीत उशीत तोंड खुपसून किंचाळतात. मग नानी पिझ्झा घेऊन लिलोच्या खोलीत येते. लिलो विचारते की आपलं कुटुंब मोडलेलं आहे ना? नानी आधी नाही म्हणते, पण लगेच थोडंसं, कदाचित बरंच, असं कबूल करते. मग म्हणते, मी तुझ्यावर ओरडायला नको होतं. लिलो उत्तर देते की आपण बहिणी आहोत, ते आपलं कामच आहे. झालं. ना जादू, ना पाचवी शक्ती. थोरलीनं चूक मान्य केली आणि धाकटीला खरं सांगितलं. त्या प्रसंगानंतर या दोघी कितीही भांडल्या तरी प्रेक्षकाला त्यांच्याबद्दल शंका येत नाही.

किंवा जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा १९८८ चा 'माय नेबर टोटोरो' घ्या. आई दवाखान्यात आहे, थोरली सात्सुकी आईची जागा घेऊ पाहते आहे, आणि ताण असह्य झाल्यावर ती लहानग्या मेईवर ओरडते. मेई कणीस घेऊन एकटीच आईला भेटायला निघते आणि हरवते. मग सात्सुकी अनवाणी धावते, भेटेल त्याला विचारते, तळ्यात सापडलेली लहान मुलीची चप्पल मेईची नाही हे कळेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रक्त नसतं. लहानगी आपल्यामुळे दुरावली, हे थोरलीला कळतं, आणि तिच्या धावण्यातून ते आपल्यालाही कळतं. तिथे वगळलं जाण्याची किंमत वगळणारीनं मोजली आहे. 'फ्रोझन २' मध्ये ती किंमत सगळी अ‍ॅनानंच मोजली.

तिसरा आणि सगळ्यात लाडका युक्तिवाद म्हणजे अ‍ॅनाला राज्य मिळालं. एल्सा जंगलात नॉर्थल्ड्रा लोकांकडे राहायला गेली, अ‍ॅना अ‍ॅरंडेलची राणी झाली, तिचा प्रियकर क्रिस्टॉफ यानं लग्नाची मागणी घातली, मग आणखी काय हवं? आपल्याकडे लेकीनं मनातला सल बोलून दाखवू नये म्हणून तिला साडीचोळी देऊन वाटेला लावतात, तसा हा मुकुट आहे. अ‍ॅनानं पूर्ण चित्रपटात एकदाही राज्य मागितलेलं नाही. तिनं एकच गोष्ट मागितली होती, सोबत. ती नाकारून दुसरंच काही हातात ठेवणं म्हणजे तिच्या तोंडाला पानं पुसणं आहे. बरं, ती राणी म्हणून लायक आहे, हे मला मान्यच. माणसांत मिसळणारी, लोकांची नावं लक्षात ठेवणारी ती. एल्सापेक्षा कैक पटींनी चांगली राणी. मग तिच्या लायकीमुळे तिला राज्य मिळालं असं दाखवायचं होतं, एल्साला जागा रिकामी करायची होती म्हणून नव्हे.

काही जण याच्याही पुढे जाऊन म्हणतात की एकटी पडली म्हणून तर अ‍ॅना कणखर झाली, गुहेतून उठली, धरण फोडलं. होडीत ढकललं नसतं तर ती अ‍ॅना कधीच दिसली नसती. या विचाराची मला धास्ती वाटते. घराघरात तो ऐकू येतो: तुला लक्ष दिलं नाही म्हणूनच तू घडलीस, आम्ही सांगितलं नाही म्हणूनच तुला कळलं. जे मूल दुर्लक्षातून तरलं, त्याच्या तरण्याचं श्रेय दुर्लक्ष करणाऱ्यानं घ्यावं, हे मला कधीच पटलेलं नाही. अ‍ॅना उठली ती तिच्या बळावर. तिला पाडणाऱ्याच्या नावावर ते जमा करू नका.

या चित्रपटानं आदिवासींवरच्या अन्यायाचा विषय घेतला, याचंही मोठं कौतुक झालं. त्यात तथ्य आहे. उत्तर युरोपातल्या सामी लोकांशी डिस्नेनं रीतसर करार केला, त्यांच्या प्रतिनिधींचा सल्ला घेतला, उत्तर सामी भाषेत चित्रपट उपलब्ध करून दिला. पहिल्या भागाच्या सुरुवातीला सामी गायनाची छाया असलेलं संगीत वापरूनही त्या लोकांचा पत्ताच नव्हता, त्या मानानं ही प्रगती म्हणायची. नॉर्वेत आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी लोकांनी १९७९ ते १९८१ या काळात मोठा लढा दिला, ऑस्लोत संसदेसमोर उपोषण केलं. धरण तरीही झालं, पण त्या लढ्यातून पुढे १९८९ मध्ये सामी संसद उभी राहिली. चित्रपटातलं धरण पाहताना तो इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तर मुळशी आणि कोयनाही आठवतील. पण इथेही तीच गत. धरण फुटतं, लाट अ‍ॅरंडेलकडे झेपावते, आजोबांच्या पापाची काही तरी किंमत नातींच्या राज्याला मोजावी लागणार असं वाटतं, तेवढ्यात एल्सा घोड्यावरून येऊन लाट अडवते. एक कौलही हलत नाही. आणि ज्या नॉर्थल्ड्रा लोकांनी धुक्यात ३४ वर्षं काढली, ते आपल्याच गोष्टीत मागे उभे राहतात. त्यांची सुटका करायला, त्यांच्यात येऊन विराजमान व्हायला राजघराण्यातली मुलगी लागते. बहिणीचा राग आणि त्या लोकांचा राग, दोन्हींचं चित्रपटानं एकच केलं: दुखणं दाखवलं, रडवलं, आणि मग हिशेब न मांडता मिठी मारली.

'मुलांचा चित्रपट आहे, इतका काय कीस काढायचा' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की मुलं आपल्यापेक्षा जास्त कीस काढतात. ती एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात, संवाद पाठ करतात, खेळात उतरवतात. जगभरात सुमारे १४५ कोटी डॉलर मिळवणारा हा चित्रपट आपल्याकडे इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही आला. हिंदीत एल्साला प्रियांका चोप्राचा आणि अ‍ॅनाला परिणीती चोप्राचा आवाज होता, नात्यानंही बहिणी असलेल्या दोघींचा. आपल्या गावाशहरांतल्या वाढदिवसांना निळा फ्रॉक घातलेल्या एल्सा दिसतात त्या उगाच नाहीत. घरात दोन बहिणी असल्या की निळा फ्रॉक बहुधा थोरलीकडे जातो आणि धाकटीला 'तू अ‍ॅना हो' असं सांगितलं जातं. त्या धाकटीच्या वाट्याला जी गोष्ट येते, ती काय सांगते, हे विचारायचा मला अधिकार आहे.

बहिणी वेगळ्या झाल्याचं दुःख दाखवायला धाडस लागतं असं म्हणता, तर तेवढंच धाडस थोरलीला चुकीचं ठरवायला लागलं असतं. एल्सा ही कंपनीची मोठी कमाई आहे. तिच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द काढायचे म्हणजे त्या मूर्तीला खरचटू द्यायचं. पहिल्या भागातली एल्सा चुकत होती, घाबरत होती, म्हणूनच ती आपली वाटली होती. दुसऱ्या भागात तिला देवत्व मिळालं आणि धाकटी तिची भक्त झाली. शेवटी अ‍ॅना वाऱ्याबरोबर चिठ्ठी पाठवते, शुक्रवारी खेळायला ये म्हणून. म्हणजे बोलावणारी अजूनही तीच.

तिसरा भाग नोव्हेंबर २०२७ मध्ये येईल असं डिस्नेनं जाहीर केलं आहे. लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की नवी शक्ती, नवं रहस्य, नवा आवाज काहीही आणा, पण त्याआधी एल्साला अ‍ॅनाच्या दारापाशी येऊ द्या, त्या होडीबद्दल बोलू द्या आणि अ‍ॅनाला हवा तितका वेळ रागावू द्या. ते होत नाही तोवर 'फ्रोझन २' ला बहिणींच्या प्रेमाचा चित्रपट म्हणायला मी तयार नाही.